शनिवारी आलेला गुड फ्रायडे

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कालगुर्लीत गुड फ्रायडेला खाण सोडली तर सगळं बंद असतं. दुकानं बंद, दारूची दुकानं तर कडकडीत बंद, आणि मेन रोडवर एरवी दिसणाऱ्या धुळकट गाड्याही नाहीत. गर्दी फक्त मासे-चिप्सच्या एका दुकानापुढे, कारण त्या दिवशी मटण खायचं नाही एवढं इथल्या देव न मानणाऱ्यांनाही पाठ आहे. खाण मात्र चालू असते. तिथे इंजिनिअर असलेला माझा नवरा त्या आठवड्यात नाइट शिफ्टला होता. हॉस्पिटलही चालू असतं, आणि मी तिथल्या मुलांच्या वॉर्डात डॉक्टर.

त्या शुक्रवारी दुपारचे बारा वाजायच्या आधी मी चहाच्या खोलीत गेले तर माझी मैत्रीण मजेत बन खात बसली होती. वर मैद्याच्या पट्ट्यांचा क्रॉस असलेला, मनुका घातलेला बन. ही आमच्या वॉर्डातली नर्स, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, आणि पक्की ख्रिश्चन. महिनाभर ती मला सांगत होती की गुड फ्रायडेला मी उपाशी असते, त्या दिवशी मला तुझ्या घरी एक शांत खोली हवी आहे. आणि आता बघते तर बनला लोणी लावणं चाललेलं. माझं तोंड कधी गप्प बसत नाही. मी म्हटलं, "अगं, उपास ना तुझा? मोडलास की!"

"मोडला कुठे? माझ्या गावात अजून गुरुवार आहे."

"पण तू इथे आहेस ना?"

"हो, आहे. पण शुक्रवार अजून तिथे उजाडायचाय." तिने घड्याळाकडे बघितलं. "आत्ता तिथे मध्यरात्रसुद्धा झालेली नाही. तो अजून क्रुसावर गेलेला नाही, जिवंत आहे."

जगाच्या नकाशावर बारा तासांचा फरक असतो हे मला माहीत होतं. त्या बारा तासांत एखाद्याला मरणाआधीचा थोडा वेळ मिळतो, असं कोणी बघत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

खरं तर या विषयात मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मी संकष्टी करते. श्रद्धेने की सवयीने हे मला विचारू नका, पण करते. पुण्याहून आई दर महिन्याला मला चंद्रोदयाची वेळ पाठवते. ती वेळ अर्थातच पुण्याची. पुण्यात चंद्र उगवेपर्यंत कालगुर्लीत तो चांगला डोक्यावर आलेला असतो. मी आपली अंगणात जाते, पलीकडच्या पत्र्याच्या शेडवरून लालसर चंद्र वर आला की नमस्कार करते आणि जेवते. आईच्या मते असा उपास धरला जात नाही. माझ्या मते आपण उभे असतो तिथला चंद्र आपला. यावर आमचं दर महिन्याला वाजतं, आणि दर महिन्याला दोघीही हात टेकतो. त्यामुळे पाय इथे आणि पंचांग तिथलं हा प्रकार मला आवडत नसे. मैत्रिणीचं ते गुरुवारचं उत्तर ऐकून मला आधी रागच आला होता, की हीसुद्धा आईच्याच गटातली निघाली.

तिचं गाव कॅनडाच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिकमधल्या एका बेटावर. इनुइट लोकांची वस्ती. रस्ता जात नाही, विमान जातं, तेही हवामानाच्या मनात असेल तर. तिथे एप्रिलमध्येही समुद्र गोठलेला असतो आणि उजेड इतका लख्ख की पोरं काळे चष्मे घालून हिंडतात. ऑस्ट्रेलियातून तिकडच्या खाणीवर कामाला गेलेल्या एका भूगर्भतज्ज्ञाशी तिने लग्न केलं आणि त्याच्याबरोबर ती इथे आली. तो पुढे पर्थला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार थाटला. ती इथेच राहिली. मी एकदा विचारलं होतं, परत का नाही गेलीस? ती म्हणाली, आधी वाटलं, गावात काय सांगू, आणि सांगायची लाज संपली तोवर इथली सवय झाली होती. तिला या वाळवंटाचं काही वाटत नाही. गाव संपलं की पुढे माणूस दिसत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

गुड फ्रायडेला त्यांच्याकडे काय करतात हे तिने मला रात्रपाळीच्या चहावर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं. त्या दिवशी कोणी शिकारीला जात नाही. बायका सुईला हात लावत नाहीत, मग हातमोजा उसवलेला का असेना. बर्फावरच्या गाड्या दारात उभ्या. पोरांना ओरडू देत नाहीत, आणि पोरंही त्या दिवशी ऐकतात, कारण रविवारनंतर शर्यती आणि खेळ असतात आणि ते कोणालाच गमवायचे नसतात. संध्याकाळी सगळं गाव चर्चमध्ये. ज्यांचे गुडघे चर्चच्या पायऱ्या चढू देत नाहीत ते रेडिओपुढे.

हा रेडिओ म्हणजे गावाचा स्वतःचा. कोणाचा कुत्रा सुटलाय, कोणाकडे सीलचं मांस जास्त झालंय तर घेऊन जा, अमक्याचं पोर जिथे खेळत असेल तिथून घरी पाठवा, सगळं त्याच्यावर. कुठल्याच घरात तो बंद करत नाहीत. गुड फ्रायडेची उपासना संपली की रेडिओवाला फोन खुले करतो. मग ज्याला वाटेल त्याने फोन करायचा आणि कोणासाठी तरी एक स्तोत्र म्हणायचं. आजारी माणसासाठी, दूर गेलेल्या मुलासाठी, गेलेल्या माणसासाठी. एकेक करत ते तासन्‌तास चालतं, आणि सगळं गाव ऐकतं.

मैत्रिणीला त्या रेडिओवर गायचं होतं. का, ते सांगायला तिला बरेच दिवस लागले.

आदल्या वर्षी तिकडच्या ऐन हिवाळ्यात तिचे वडील गेले. धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ते अजून होते. ही तशीच निघाली. कालगुर्लीहून पर्थ, तिथून अर्धं जग ओलांडून कॅनडा, आणि मग शेवटचं छोटं विमान. ते छोटं विमान वादळामुळे सुटेचना. एका लहानशा विमानतळाच्या बाकावर ती कपड्यांची पिशवी उशाला घेऊन वाट बघत राहिली, आणि ती गावात उतरली तेव्हा वडिलांना पुरून झालं होतं. आई तिला काहीच बोलली नाही. वाढलं, अंथरूण दिलं, बोलली नाही. ती परत आल्यावर आईने फोनवर येणंही बंद केलं. बहिणीने फोन पुढे केला की आई उठून आतल्या खोलीत जायची. वर्ष झालं, आईचा आवाज तिच्या कानावर पडला नव्हता.

देश सोडून आलेल्या आम्हा सगळ्यांच्या मनात तीच एक भीती असते, वेळेवर पोचू का. पार्टीत घरांच्या किमती आणि मुलांच्या शाळा यावर बोलत असतो तेव्हाही ती तिथेच असते. माझी बॅग कपाटाच्या वरच्या कप्प्यात का असते, आणि पासपोर्ट तिच्या बाहेरच्या कप्प्यात का, हे नवऱ्याने मला कधी विचारलेलं नाही.

"फोनवर ती येणार नाही," मैत्रीण म्हणाली, "पण रेडिओ ती बंद करू शकत नाही. त्या दिवशी तर नाहीच. मी बाबांचं स्तोत्र म्हणणार. एवढं तरी तिला ऐकावं लागेल."

"आणि तिने ऐकूनही काही केलं नाही तर?"

"तर मग मी पुन्हा फोन करणार नाही. खूप झालं." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मला ते धमकीपेक्षा वाईट वाटलं.

ती ज्या घरात भाड्याने राहते तिथे आणखी तिघं खाणकामगार राहतात. टीव्ही, म्युझिक, बिअर, सगळं चोवीस तास. म्हणून तिला शांत खोली हवी होती. मी छातीठोकपणे सांगितलं की कालगुर्लीत माझ्या घराइतकं शांत घर शोधून सापडणार नाही. आई आली की ज्या खोलीत राहते ती मागची खोली मी तिच्यासाठी ठरवली. नवऱ्यालाही मेसेज करून ठेवला: गुड फ्रायडेला माझ्या मैत्रिणीची प्रार्थना आपल्या घरी आहे, फोनवरून, घरात अजिबात आवाज नको. त्याने अंगठा पाठवला. आम्ही दोघं त्या आठवड्यात मेसेजवरच संसार करत होतो. मी निघायचे तेव्हा तो यायचा असे, आणि मी यायचे तेव्हा तो गेलेला असे.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर सिंकमध्ये ब्रेड-जॅमची एकच बशी. मला नवल वाटलं, कारण या माणसाला घरी आल्यावर गरम वरण-भात नसेल तर झोप लागत नाही. सकाळी सात-आठ ही त्याची जेवायची वेळ, आणि कुकर तो स्वतः लावतो. असेल थकलेला, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

शनिवारी सकाळी सूर्य वर येता येता मैत्रीण आली. तिच्या गावात तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होत होती. वॉर्डात तिला कायम निळ्या युनिफॉर्ममध्ये बघितलेलं. आज तिने गडद रंगाचा लांब ड्रेस घातला होता आणि केसांची घट्ट वेणी घातली होती. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात काही नव्हतं. पाणी देऊ का, विचारलं, तर नको म्हणाली. मी दाराच्या बेलचा सेल काढून ठेवला, भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ कपाटात उशीखाली घातलं, वॉशिंग मशीनचं बटण बंद आहे ना ते दोनदा बघितलं. माझ्या लॅपटॉपवर तिने गावचा रेडिओ लावला. आता तो इंटरनेटवरही लागतो. कोणीतरी म्हातारा घोगऱ्या आवाजात गात होता. मग एक लहान मुलगी. मग पुन्हा एक म्हातारा, ज्याला मध्येच खोकला आला आणि सगळं गाव त्याचा खोकला संपायची वाट बघत थांबलं. मला एक अक्षर कळत नव्हतं. तरी मी पलंगाच्या टोकाशी अंग आखडून बसले होते.

तिने फोन लावला. रेडिओवाल्याने तिचा आवाज ओळखला, तोही तिच्याच वर्गातला. फोनमध्ये घुमू नये म्हणून तिने लॅपटॉपचा आवाज बंद केला. मग तिने काही शब्द बोलून बाबांचं नाव घेतलं, एवढं मला समजलं, आणि ती गायला लागली.

ती काही फार चांगलं गात नाही. वरच्या सुराला आवाज चिरकतो. पण पहिलं कडवं तिने न थांबता म्हटलं, डोळे मिटून, फोन दोन्ही हातांनी धरून. दुसरं सुरू झालं. आणि आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

ज्यांच्या घरात कुकर आहे त्यांना मी त्या आवाजाचं वर्णन करायची गरज नाही. पण त्या शांततेत तो गाडी निघाल्यासारखा आला. मैत्रिणीने डोळे उघडले, तरी गाणं सोडलं नाही. मी उठले. त्या खोलीचं दार फरशीला घासतं, तेही मेलं किंचाळलं. मी पॅसेजमध्ये पोचेपर्यंत दुसरी शिट्टी. स्वयंपाकघरात नवरा पायमोज्यांवर उभा होता, केसांत अजून लाल धूळ, हातात कांदा. लाल धुळीच्या बुटांमुळे तो नेहमी मागच्या दाराने येतो, आणि आल्या आल्या हात धुऊन कुकर लावतो. मी ओठांवर बोट ठेवून दुसऱ्या हाताने गॅसकडे खुणा केल्या. त्याने पटकन गॅस बंद केला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तिसरी शिट्टी होऊ नये म्हणून त्या भल्या माणसाने सांडशीने शिट्टीच वर उचलली.

वाफ सुटली ती सुटलीच. फुस्सऽऽ असा लांबलचक आवाज साऱ्या घरात भरून राहिला, आणि त्यातून मैत्रिणीचं तिसरं कडवं चाललेलं मला ऐकू येत होतं.

"अरे, मेसेज केला होता ना तुला!" वाफ संपल्यावर मी दबक्या आवाजात त्याच्यावर ओरडले.

"गुड फ्रायडे ना? तो काल होता!" तोही तसाच दबक्या आवाजात. "काल दिवसभर मी चोरासारखा फिरलो घरात. फ्लशसुद्धा केला नाही. ब्रेड खाऊन झोपलो. अजून काय करू?"

त्याच्यावर रागवायला मला तोंडच राहिलं नाही. मैत्रिणीचा शुक्रवार शनिवारी येतो, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला ते कळून जेमतेम एक दिवस झाला होता.

मी खोलीत परत गेले तेव्हा गाणं संपलं होतं. ती फोन मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत होती. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "नो वरीज." वॉर्डात कोणी औषधाची बाटली पाडली तरी ती हेच म्हणते. मग तिने लॅपटॉपचा आवाज पुन्हा सुरू केला. इंटरनेटवर रेडिओ थोडा मागे चालतो हे आम्ही विसरलो होतो. तिचंच तिसरं कडवं लॅपटॉपमधून येत होतं, आणि त्याच्या मागे आमच्या कुकरची वाफ. आर्क्टिकमधल्या एका गावात, वर्षातल्या सगळ्यात गंभीर संध्याकाळी, घराघरांत आमचा कुकर ऐकू गेला होता. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर तिने जिवाचं रान करून हा एक क्षण जपला होता, आणि आम्ही त्यावर वरण शिजवलं.

रेडिओवाला काहीतरी बोलला. थोडं हसला असावा. मग पुढचा फोन घेतला.

एका म्हातारीचा आवाज आला. ती गात नव्हती. भराभर, थोडं तक्रारीच्या सुरात बोलत होती. मैत्रिणीने माझं मनगट धरलं. नर्सची पकड असते, नाडी बघताना धरतात तशी, पण फार घट्ट. म्हातारीचं बोलणं संपलं तरी तिने ते सोडलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं. "कोण होतं?"

"आई." तिने लॅपटॉपचा आवाज कमी केला. "ती म्हणाली, आत्ता गात होती ती माझी मुलगी. तिच्या घरात चुलीवर काहीतरी जळतंय. भांडं ठेवून गात बसायची तिची लहानपणापासूनची सवय आहे. तिला कोणीतरी सांगा, आधी ते उतरव म्हणावं." मग तिने एक मोठा श्वास घेतला. "आणि उतरवून झालं की मला फोन कर म्हणावं. मी फोनजवळच बसलेय."

मी तिला खोलीत एकटीला सोडून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. या वेळी ते कितीही किंचाळलं तरी मला त्याची पर्वा नव्हती. नवरा ओट्याशी तसाच उभा होता, सांडशी हातात, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंडावरची धूळ पुसली. मागच्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले तेव्हा तोही पर्थच्या विमानतळावर अडकला होता. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशीसुद्धा बोलत नाही.

आतून मैत्रिणीचा आवाज आला, अगदी बारीक, एकच शब्द. मग ती सलग बोलायला लागली. मला तिची भाषा येत नाही, पण एवढं कळलं की वडिलांचा विषय निघालेला नाही. त्याला अजून वेळ लागणार होता. कदाचित बरीच वर्षं लागतील.

थोड्या वेळाने ती फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले, नाक वाहत होतं, वेणी सुटलेली. तिने फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ती म्हणतेय, भांड्यात काय होतं?"

"डाळ," मी म्हटलं. "तुरीची. आणि भात."

तिने ते तिकडे सांगितलं. ते सांगायला तिला बरीच वाक्यं लागली. मग तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"जळली का विचारतेय."

"नाही म्हणावं. अजून कच्ची आहे."

तिने सांगितलं. पलीकडून लांबच लांब काहीतरी आलं, आणि ते ऐकताना ती हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. वर्षभर मुलीशी एक शब्द न बोललेली बाई आता फोन ठेवायला तयार नव्हती.

"मग परत चढवा म्हणतेय. माणसं उपाशी आहेत म्हणते." मैत्रिणीने ड्रेसच्या बाहीने नाक पुसलं. "आणि विचारतेय, शिजली हे तुम्हाला कळतं कसं?"

नवरा उठला, त्याने कुकर पुन्हा गॅसवर ठेवला आणि तिच्या हातातल्या फोनजवळ वाकून मोठ्याने, चक्क मराठीत सांगितलं, "तीन शिट्ट्या, आई. तोवर फोन ठेवू नका."